एका शेऱ्याचा इतिहास: ‘गोपनीय अहवाला’पासून ‘३६० अंशां’पर्यंत

१/ जिंतूरच्या तहसील कार्यालयातील कारकुनाची बढती कशावर ठरते? वरिष्ठाने लिहिलेल्या वार्षिक शेऱ्यावरही. म्हणून मित्रहो, आज या शेऱ्याचा आणि त्याभोवतीच्या शब्दांचा इतिहास पाहू.

२/ एकाच्याच शब्दावर विसंबू नये, हे भान जुने आहे. सभासद बखरीनुसार शिवकालीन गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे समान दर्जाचे तीन अधिकारी असत. एक फितला तरी गड जाऊ नये, हा हेतू.

३/ इंग्रजी अमदानीतून आपल्याकडे ‘गोपनीय अहवाल’ रुजला. तो लिहितो तो ‘प्रतिवेदन अधिकारी’, तपासतो तो ‘पुनर्विलोकन अधिकारी’. दोघेही वरिष्ठच. ज्याच्याविषयी लिहिले, त्याला केवळ ‘प्रतिकूल शेरा’ कळवला जाई.

४/ यातील अन्याय देव दत्त खटल्यात उघड झाला. सीमा रस्ते विभागातील या अभियंत्याला १९९३-९४ साली ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीसाठी ‘अत्युत्तम’ हवा होता. परंतु ‘चांगला’ हा शेरा प्रतिकूल नसल्याने त्यांना तो कळवलाच नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला: प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे.

५/ दुसरा प्रवाह उद्योगांतला. १९७०च्या दशकाच्या मध्यास मुंबईच्या लार्सन अँड टुब्रोने उदय पारीक व टी. व्ही. राव यांना मूल्यमापन पद्धती अभ्यासण्यास पाचारण केले. ‘कामगिरीचे मूल्यमापन’ आणि ‘क्षमतेचे मूल्यमापन’ हे भिन्न आहेत, हा विचार तेथे पुढे आला.

६/ ‘३६० अंश अभिप्राय’ म्हणजे वरिष्ठ, सहकारी, हाताखालचे आणि सेवा घेणारे अशा चहूबाजूंनी मत घेणे. ‘स्वमूल्यमापन’ म्हणजे स्वतःविषयीचे मत. दोहोंतील तफावत हाच खरा धडा. ‘अनामिकता’ म्हणजे मत देणाऱ्याचे नाव झाकणे. त्याने निर्भयता येते, तसाच आकसही लपतो. केंद्रातील उच्चपदांच्या निवडीतील अशा पद्धतीवर २०१७ साली संसदीय समितीने अपारदर्शकतेचा ठपका ठेवला.

७/ आणि गावकरी? महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमातील दुरुस्तीने गावात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कामाचे वार्षिक मूल्यमापन ग्रामसभेच्या कक्षेत आणले. म्हणजे जिंतूर तालुक्यातील शेतकरीही कायद्याने ‘मूल्यमापक’ आहे. तेथे मत सभेत मांडायचे असते. शेरा लिहिण्याची सत्ता किती हातांत असावी, हा प्रश्न गडावरून ग्रामसभेपर्यंत आला आहे. पुढच्या ग्रामसभेला आपण जाणार का?