वकिलीच्या दारातली परीक्षा

लोकमान्य टिळकांचा कोचिंग क्लास होता.

हे वाक्य मी मुलांसमोर टाकतो तेव्हा आधी कोणाचा विश्वास बसत नाही, मग हशा पिकतो. पण गोष्ट खरी आहे. 1890 साली टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले. कॉलेजातली नोकरी गेली आणि ‘केसरी’-‘मराठा’वर घर चालण्यासारखी परिस्थिती नव्हती. 1879 साली मिळवलेली एलएल.बी. होती, पण कोर्टात उभं राहून वकिली करायची नव्हती. तेव्हा त्यांनी पुण्यात ‘लॉ क्लास’ चालवला. हायकोर्ट वकिलाच्या आणि जिल्हा वकिलाच्या परीक्षेला बसणारी मुलं त्यात शिकायची. मुंबई इलाख्यातला अशा प्रकारचा हा पहिलाच क्लास, असं त्यांचे चरित्रकार नोंदवतात. म्हणजे आज आपल्या प्रत्येक शहरात चौकाचौकांत ज्या क्लासचे फलक दिसतात, त्या जातीच्या धंद्याचा एक पूर्वज थेट नारायण पेठेच्या आसपास सापडतो.

मी स्वतः कोर्टात ज्युनिअरशिप करतो आणि रविवारी सकाळी सात-आठ मुलांना लॉच्या प्रवेश परीक्षेसाठी शिकवतो. फी जेमतेम. त्यामुळे टिळकांचं नाव घेऊन जरा भाव खायला मला आवडतं. पण थोडं खोलात गेल्यावर लक्षात येतं की त्यांच्या क्लासात आणि माझ्या क्लासात एक मोठा फरक आहे. त्यांची मुलं कायदा शिकत होती. माझी मुलं कायदा सोडून बाकी सगळं शिकतात.

हा फरक कुठून आला, हे शोधायला थोडं मागे जावं लागतं.

मुळात ‘वकील’ या शब्दाचा पूर्वीचा अर्थच वेगळा. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारात आपल्या धन्याची बाजू मांडणारा माणूस, आजच्या भाषेत राजदूत. दिल्लीला हिंगणे घराण्यातले लोक पेशव्यांचे वकील होते. त्यांना कोणी परीक्षा विचारली नाही. अक्कल, घराणं आणि विश्वास एवढ्यावर नेमणूक व्हायची. कंपनी सरकारच्या अदालती आल्या आणि पक्षकाराची बाजू मांडणारा तो वकील, असा अर्थ रुळला. पण तिथेही सुरुवातीला दार सगळ्यांना उघडं नव्हतं. बंगालमधल्या 1793च्या नियमांनुसार हे काम फक्त हिंदू आणि मुसलमानांनाच करता यायचं आणि नेमणूक अदालतीच्या मर्जीवर.

1846 साली कंपनी सरकारनं एक छोटासा कायदा केला. कोणत्याही देशाचा, कोणत्याही धर्माचा माणूस वकील होऊ शकेल, अट एकच: सदर अदालतीनं त्याला पात्रतेचा दाखला दिलेला असावा. माझ्या मते आपल्या वकिलीच्या इतिहासातला हा फार मोठा क्षण आहे आणि शाळेत तो कोणी शिकवत नाही. जन्माच्या जागी पात्रता आली. पात्रता ठरवायची म्हटल्यावर परीक्षा आली. परीक्षा आली म्हटल्यावर तिची तयारी करून घेणारेही येणारच होते.

या परीक्षेनं खरोखर माणसं वर आणली, हे विसरून चालणार नाही. मुंबईत 1855 साली गव्हर्नमेंट लॉ कॉलेज सुरू झालं, 1857 साली विद्यापीठ आलं, 1862 साली हायकोर्ट. न्यायमूर्ती रानडे 1866 साली एलएल.बी. झाले. त्याच काळात दुसरा रस्ताही होता, विलायतेला जाऊन बॅरिस्टर होण्याचा. त्यात अभ्यासापेक्षा बोटीचं भाडं आणि लंडनमधला खर्च झेपणं जास्त महत्त्वाचं. ‘इन’मध्ये ठरावीक संख्येनं जेवणं जेवली की सत्र भरायचं. परीक्षा होत्या, पण त्या सोप्या होत्या असं गांधीजींनी आत्मकथेत लिहून ठेवलंय. ते 1891 साली बॅरिस्टर झाले. थोडक्यात, पैसेवाल्याला जेवणं आणि बिनपैशाच्याला अवघड पेपर. टिळकांच्या क्लासात येणारी मुलं या दुसऱ्या गटातली होती. जिल्हा वकिलाची सनद मिळाली की तालुक्याच्या गावी कचेरीबाहेर पाटी लागायची आणि घराची एक पिढी सावरायची.

पण पेपर सोडवला म्हणजे दार उघडतंच, असंही नव्हतं. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या. 1892 साली ऑक्सफर्डमध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. बाईला ती देता यावी म्हणून विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. भारतात परतल्यावर मुंबई विद्यापीठाची एलएल.बी.ची परीक्षा 1897 मध्ये, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा 1899 मध्ये. एकामागून एक पेपर दिले, पास झाल्या, आणि तरीही कोर्टात उभं राहायची परवानगी नाही. 1916 साली कलकत्त्यात रेजिना गुहा यांनी कायद्याची पदवी घेऊन अर्ज केला. पाच न्यायाधीश बसले आणि त्यांनी ठरवलं की वकिलांच्या कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द असला तरी त्यात स्त्री येत नाही. 1846 सालच्या त्या ‘कोणताही माणूस’चा अर्थ सत्तर वर्षांनी असा उघडा पडला. शेवटी 1923 साली वेगळा कायदा करून ही आडकाठी काढावी लागली. माझ्या रविवारच्या वर्गात निम्म्याहून जास्त मुली आहेत, म्हणून हा भाग मी दरवर्षी न चुकता सांगतो.

आता त्या फरकाकडे येतो. टिळकांच्या काळातली परीक्षा रस्त्याच्या शेवटी होती. तुम्ही कायदा शिकलात का, एवढंच ती विचारायची. पुराव्याचा कायदा, कराराचा कायदा हे दोन्ही 1872चे, म्हणजे तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे. त्यांची कलमं डोक्यात बसवायची आणि कागदावर उतरवायची. परीक्षा रस्त्याच्या सुरुवातीला आणण्याची कल्पना अमेरिकेतली. तिथल्या कोलंबिया, हार्वर्ड, येल अशा मोठ्या लॉ स्कूलना प्रश्न पडला होता की अर्ज इतके येतात, घ्यायचं कोणाला? त्यातून फेब्रुवारी 1948 मध्ये पहिली ‘एलसॅट’ झाली. तिचा हेतू मर्यादित होता: पहिल्या वर्षाच्या अभ्यासात कोण टिकेल, याचा अंदाज बांधणं. चांगला वकील कोण होईल, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवतो.

आपल्याकडे तेव्हा याची गरजच नव्हती. स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षं आपल्याकडे लॉला प्रवेश म्हणजे पदवीची मार्कलिस्ट दाखवा आणि फी भरा. सकाळचं कॉलेज, दिवसा नोकरी. ‘काहीच जमलं नाही तर एलएल.बी. कर’ हा सल्ला तुमच्या काकांनीही कोणाला तरी दिलेला असेल. पुण्याचं आयएलएस 1924 पासून, मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज त्याहून जुनं, अशी नावाजलेली कॉलेजं होती, पण बहुतेक ठिकाणी कोणीही या आणि बसा असाच मामला.

तो बदलला बंगळुरूला. माधव मेनन यांच्या पुढाकारानं तिथे नॅशनल लॉ स्कूल उभं राहिलं आणि 1988 साली पहिली तुकडी आली. बारावीनंतर पाच वर्षं, निवासी, आणि प्रवेशासाठी स्वतःची परीक्षा. प्रयोग जमला. मग हैदराबाद, भोपाळ, कोलकाता, जोधपूर. प्रत्येकाची परीक्षा वेगळी, फॉर्म वेगळा, फी वेगळी, तारीख वेगळी. बारावीतलं पोर आणि त्याचे आईबाप रेल्वेनं या शहरातून त्या शहरात. अखेर 2006 साली वरुण भगत या विद्यार्थ्याच्या नावानं सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली, आणि त्यातून सगळ्यांसाठी एकच परीक्षा ठरली. मे 2008 मध्ये सात विद्यापीठांसाठी पहिली ‘क्लॅट’ झाली. वकील होऊ पाहणाऱ्या मुलानं आधी पक्षकार व्हावं लागलं, हे मला फार आवडतं. आज ही संख्या विसाच्या पुढे गेलीय. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली आपली तीन विद्यापीठंही त्यात आहेत.

पहिल्या क्लॅटमध्ये दोन तासांत दोनशे प्रश्न होते. भागाकार करा, एका प्रश्नाला छत्तीस सेकंद. 2020 पासून पेपरचा तोंडवळाच बदलला. साडेचारशे शब्दांपर्यंतचे उतारे आणि त्यांवर प्रश्न, आधी दीडशे, आता एकशे वीस. चुकलं तर पाव मार्क वजा. कायद्याचं आधीचं ज्ञान लागणार नाही, असं माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, तुम्ही तो प्रसंगाला लावायचा. कल्पना वाईट नाही. पाठांतरापेक्षा हे कितीतरी बरं, असं माझं मत आहे.

पण तो उतारा इंग्रजीत असतो. आणि इथे माझं आणि या परीक्षेचं बिनसतं.

माझ्याकडे मराठी माध्यमातून आलेली एक मुलगी आहे. भाडेकरूनं घराला रंग दिला आणि मालकानं डिपॉझिट अडवलं, असा प्रसंग मी मराठीत सांगितला की ती मला बोलू देत नाही. नियम काय, अपवाद काय, मालकाच्या बाजूनं काय म्हणता येईल, सगळं तिचं तीच. तोच प्रसंग इंग्रजी उताऱ्यात आला की तिची बोटं शब्दाखालून सरकत राहतात आणि घड्याळ पुढे जातं. अर्थ तिला लागतो, पण मिनिटभरात लागत नाही. आता मला सांगा, इथे नापास काय होतंय? तिचं डोकं की तिचा वाचनाचा वेग?

वरच्या कोर्टांचं कामकाज इंग्रजीत चालतं, तेव्हा इंग्रजी हवंच, हे उत्तर मला माहीत आहे आणि ते खोटंही नाही. पण महाराष्ट्रातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. मी रोज तिथेच उभा असतो. साक्ष मराठीत, दावा मराठीत, पक्षकाराचं रडणंही मराठीत. पाच वर्षं शिकताना इंग्रजी येईल, त्यासाठीच तर कॉलेज असतं. ते दारातच पूर्ण यायला हवं, असा हट्ट का? 2023 साली क्लॅट इतर भारतीय भाषांमध्येही घ्यावी म्हणून दिल्ली हायकोर्टात याचिका झाली. विद्यापीठांच्या संघानं सांगितलं की 2024च्या परीक्षेला ते जमणार नाही. अडचणी असतीलही. पण महाराष्ट्राची लॉ सीईटी 2016 पासून सुरू झाली आणि तिचा पेपर इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असतो, चुकीला वजाबाकी नाही. उतारे नीट भाषांतरित करणं कठीण आहे, अशक्य नाही.

शमनाद बशीर यांनी 2010 साली ‘इडिया’ ही संस्था याच खाचेवर बोट ठेवून सुरू केली. खेड्यातली, गरीब घरातली, अपंग मुलं शोधायची, त्यांची फुकट तयारी करून घ्यायची आणि याच परीक्षेतून आत पाठवायची. बशीर 2019 साली गेले, काम चालू आहे. शेकडो वकिलांच्या भाषणांपेक्षा मला हे काम मोठं वाटतं. आणि दार किती पटकन अरुंद होऊ शकतं, हेही आपण पाहिलंय. सप्टेंबर 2020 मध्ये, ऐन कोविडमध्ये, बंगळुरूच्या लॉ स्कूलनं क्लॅटमधून बाहेर पडून स्वतःची ऑनलाइन परीक्षा जाहीर केली, मध्ये दिवस जेमतेम नऊ. परीक्षा झालीही. मग सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली आणि प्रवेश क्लॅटमधूनच द्यायला लावले. ज्याच्या घरी धड नेट नाही, त्यानं त्या नऊ दिवसांत काय करायचं होतं?

आम्ही काय करतो, तेही सांगतो. त्या मुलीनं क्लॅट आणि सीईटी दोन्हींचे फॉर्म भरायचं ठरवलंय. रविवारी पहिला अर्धा तास एक इंग्रजी अग्रलेख मोठ्यानं वाचायचा, घड्याळ लावून. मग फोन बाजूला ठेवून त्यातला युक्तिवाद मराठीत सांगायचा, आणि समोरच्यानं तो खोडायचा. जून महिन्यात एक लेख वाचायला तिला नऊ मिनिटं लागायची. गेल्या रविवारी पाच लागली, आणि खोडायला उठलेल्या पोराला तिनं खाली बसवलं.