देवनागरी अक्षर व त्याचा वेष

खिळ्यांनीं मजकूर जुळविण्याच्या काळांत अक्षर आणि अक्षराचें रूप हीं दोन निराळीं नव्हतीं. जावजी दादाजींनीं १८६९ सालीं मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढला. तेथील काय किंवा अन्य कोठल्याहि छापखान्यांतील काय, जुळाऱ्याला एखादा शब्द ठळक करावयाचा असला म्हणजे बारीक खिळे उपसून दुसऱ्या पेटींतील जाड खिळे बसविण्यावांचून गत्यंतर नसे. शिशाच्या एकाच तुकड्यांत 'क' होता आणि त्याचा जाडपणाहि होता.

संगणकानें ही जोडी फोडली. अक्षराला एक क्रमांक मिळाला. जाडी, तिरपेपणा, आकार, टंकाचें नांव हा सारा वेष त्या क्रमांकाबाहेर, वेगळ्या आज्ञेंत राहिला. म्हणूनच हजार पानांच्या ग्रंथांतील सर्व मथळे एका लहानशा आज्ञावलीनें क्षणांत ठळक करतां येऊं लागले. देवनागरीस मात्र हें सुख सहजासहजीं लाभलें नाहीं, आणि तें कां लांबलें याचा इतिहास बराचसा मुंबई-पुण्याच्या परिसरांतच घडला आहे.

आरंभ उत्तम झाला होता. भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं 'इस्की' ही संकेतपद्धति प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. कानपूरच्या आय. आय. टी.मध्यें उगम पावलेलें आणि पुण्याच्या सी-डॅकनें वाढविलेलें हें काम. तींत 'क' म्हणजे १७९. तो देवनागरी दिसावा कीं गुजराती, हें आधीं येणाऱ्या खुणेवर अवलंबून असे. ती खूण म्हणजे २३९ हा क्रमांक. तिच्यामागोमाग ६६ आला तर देवनागरी, ७४ आला तर गुजराती. ४८ आला तर अक्षर ठळक, ४९ आला तर तिरपें, ५० आला तर अधोरेखित! घाटकोपर-मुलुंडच्या बाजारपेठेंत मराठी आणि गुजराती पाट्या शेजारीं शेजारीं नांदतात, तशा दोन लिपी एकाच क्रमांकावर नांदण्याची ही योजना होती. लिपीलाच वेष मानण्याचें हें धाडस पाहून कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

परंतु १९९० नंतरच्या दशकांत कचेऱ्या आणि छापखाने यांनीं निराळीच वाट धरली. इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरांचीं चित्रें बसविलेले टंक बाजारांत आले. प्रत्येक विक्रेत्याची मांडणी वेगळी. पडद्यावर मराठी दिसे, पण यंत्राच्या लेखीं तो मजकूर इंग्रजी अक्षरांची निरर्थक ओळ असे. इंग्रजी दस्तऐवजांत टंक बदलला तर केवळ वेष बदलतो. या दस्तऐवजांत टंक बदलतांच मजकूरच नष्ट झाल्यासारखा होई. जें काम शोभेचें तेंच प्राणावर बेते.

या गोंधळांतून बाहेर काढणारें एक महत्त्वाचें काम उपनगरांत झालें. पवईच्या आय. आय. टी.मध्यें अध्यापन केलेले सुलेखनकार व कवि रघुनाथ कृष्ण जोशी यांनीं जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रांत भारतीय लिप्यांच्या टंकांचें काम केलें. त्यांचा 'मंगल' हा टंक २००० सालच्या विंडोजबरोबर घरोघरीं पोहोंचला. तो युनिकोडवर आधारलेला होता. युनिकोडनें इस्कीचा वर्णक्रम घेतला, पण लिपी मात्र वेगळ्या ठेवल्या. तेथें देवनागरी 'क' २३२५ आणि गुजराती 'क' २७०९. जोशी २००८ सालीं वारले.

तथापि युनिकोडनें सर्व मिटलें असें नव्हे. वर्डच्या दस्तऐवजाची रचना २००६ सालीं प्रमाण म्हणून जाहीर झाली, तींत देवनागरीसारख्या लिप्यांना वेगळा कप्पा आहे. ठळकपणाची एक खूण 'बी', ती इंग्रजीकरितां. दुसरी 'बीसीएस', ती आपल्याकरितां. आकाराचें तसेंच: 'एसझेड' आणि 'एसझेडसीएस', तोहि अर्ध्या पॉइंटांत, म्हणजे बारा पॉइंटांसाठीं २४ लिहावयाचे. हें ठाऊक नसलेला आज्ञावलीकार पहिलीच खूण बदलतो. ओळींतील इंग्रजी शब्द तेवढे फुगतात आणि मराठी जसेच्या तसे राहतात. दोष त्याला दिसतो तो टंकाचा.

जुने दस्तऐवज युनिकोडांत आणणें हें याहून नाजूक. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच, म्हणजे व्यंजनाच्या आधीं, टंकलेली असते. आज्ञावलीला ती उचलून व्यंजनानंतर न्यावी लागते, आणि जोडाक्षर असल्यास सबंध जोडाक्षर ओलांडून. रफार उलट नंतर असतो, तो आधीं आणावा लागतो. पण त्याच ओळींत खरा इंग्रजी शब्द असला तर? त्याचेहि क्रमांक तेच. कोणता तुकडा मराठी आणि कोणता इंग्रजी, हें सांगणारा साक्षीदार एकच: त्या तुकड्यावर नोंदलेलें टंकाचें नांव. एखाद्या उत्साही लेखनिकानें पूर्वीं केव्हां तरी 'सर्व निवडा' म्हणून सगळ्याला एकच टंक लावून ठेवला असेल, तर तो साक्षीदारहि उरत नाहीं. मग माणसानेंच ओळ न् ओळ वाचून अक्षरें ओळखावयाचीं, तीहि जुन्या छापील प्रतीशीं ताडून, आणि तशी प्रत कोणीं जपून ठेविली असेल तरच.