एका तिरप्या रेघेची सोय

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या पुढाकारानं 'आइसपॅक' आणि 'लिनपॅक' असे दोन प्रोग्रॅमसंच तयार झाले. मॅट्रिक्सची, म्हणजे ओळी-स्तंभांत मांडलेल्या आकड्यांची, अवघड गणितं ते भरवशानं सोडवत. पण ते वापरायचे तर आधी फोरट्रान ही संगणकाची भाषा यायला हवी. प्रोग्रॅम लिहा, तो संगणकाकडे पाठवा, उत्तराची वाट पाहा. चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन समीकरणांसाठीही हीच यातायात!

या कामातले एक गणितज्ञ क्लीव्ह मोलर न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवीत. विद्यार्थ्यांना फोरट्रान न लिहिता हे संच हाताळता यावेत, एवढ्यासाठी त्यांनी 'मॅटलॅब' लिहिलं. त्यात सारा कारभार मॅट्रिक्सचा. आकडे टाइप करायचे, मध्ये एक तिरपी रेघ द्यायची, की समीकरणं सुटलीच! आलेख मात्र नुसत्या फुल्यांचे.

१९७९-८० मध्ये मोलर यांनी स्टॅनफर्डच्या वर्गात ते वापरायला दिलं. गणित आणि संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्याचं फारसं अप्रूप वाटलं नाही. यात नवं संशोधन ते काय? त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरही होतं. अभियांत्रिकीचे विद्यार्थी मात्र खूश झाले. नियंत्रणशास्त्र आणि संदेश-विश्लेषण या त्यांच्या विषयांत पानोपानी मॅट्रिक्स. खुद्द मोलर यांना हे विषय परके होते. गरज कुठे आहे, हे कर्त्याला वापरणाऱ्यांकडूनच कळलं. त्यासाठी ना पाहणी झाली, ना प्रश्नावली. वर्गातले चेहरे पुरले.

जॅक लिटल हा नियंत्रण अभियंता त्या वर्गात नव्हता. त्याला हे मित्राकडून समजलं. मूळ मॅटलॅबमध्ये आपलं एखादं सूत्र घालायचं, तर सगळा फोरट्रान प्रोग्रॅम उघडून बदलावा लागे. अभियंत्याचं तेवढ्यावर कसं भागणार? लिटल आणि स्टीव्ह बँगर्ट यांनी नव्या पर्सनल कॉम्प्युटरसाठी ते 'सी' भाषेत पुन्हा लिहिलं. वापरणाऱ्याला स्वतःची सूत्रं साध्या फाइलमध्ये लिहून ठेवता येऊ लागली, नीटस आलेखही आले. डिसेंबर १९८४ मध्ये लास व्हेगासला नियंत्रणशास्त्राच्या परिषदेत ते लोकांपुढे आलं. पहिली मागणी १९८५ च्या फेब्रुवारीत एमआयटीतून आली, दहा प्रतींची. मागवणारे निक ट्रेफेथन मात्र अभियंते नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते!