मांजराची वंशावळ आणि आमची

पुण्याच्या भाचीनं मांजर विकत घेतलं. विकत! आमच्या बार्शीटाकळीच्या घरात आजीच्या काळापासून मांजरं होती, पण त्यांना कोणी पैसे मोजल्याचं मला आठवत नाही. ती यायची, ज्वारीच्या कणगीमागे विऊन जायची, बोका कोणता हे देवाला ठाऊक. भाचीचं मांजर मात्र मेन कून जातीचं, लांब केसांचं, कानांवर झुपके असलेलं. त्याच्याबरोबर दोन कागद आले. एकावर चार पिढ्यांची वंशावळ, दुसऱ्यावर जनुक तपासणीचा अहवाल. तिनं दोन्हींचे फोटो पाठवले आणि विचारलं, "मामा, मांजराचंही हृदय जाड होतं का हो?"

अहवालात जनुकाचं नाव होतं एमवायबीपीसी३. ते वाचून मी जरा दचकलोच. हे नाव मी दोन वर्षांपूर्वी ऐकलं होतं, माझ्या चुलत भावाच्या फाईलमध्ये.

मंडळी, आमच्या घरातल्या बऱ्याच जणांना ही गोष्ट अर्धवट माहीत आहे म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. ब्लॉगवरच्या इतर मित्रांनी घरगुती मजकूर सहन करावा. इतिहासही आहे पुढे.

आधी हा आजार काय ते. हृदयाच्या भिंती कारण नसताना जाड होतात. म्हणजे रक्तदाब वाढलेला नाही, झडप खराब नाही, तरी डाव्या कप्प्याचा स्नायू फुगत जातो. निरोगी माणसात ही भिंत साधारण १२ मिलिमीटरच्या आत असते. १५ किंवा त्याहून जास्त भरली की डॉक्टर 'हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी' म्हणतात. जवळच्या नात्यात कुणाला हा आजार असेल तर १३ वरच सावध होतात. माझ्या चुलत भावाची १९ भरली. मांजरात हीच मर्यादा ६ मिलिमीटरच्या आसपास. पुष्कळांना आयुष्यभर काही होत नाही. काहींना दम लागतो, चक्कर येते. आणि थोड्यांचं हृदय पळताना, ओझं उचलताना, कधी तर बसल्या बसल्या ताल सोडतं आणि थांबतं.

हे स्नायूचं काम वऱ्हाडी माणसाला समजायला सोपं आहे. हृदयाच्या स्नायूत मायोसिन नावाचं प्रथिन ओढण्याचं काम करतं, बैलासारखं. त्या बैलाच्या नाकात एक वेसण असते, तिचं नाव मायोसिन बाइंडिंग प्रोटीन सी. एमवायबीपीसी३ हे त्या वेसणीचं जनुक. वेसण कच्ची निघाली की बैल गरजेपेक्षा जास्त ओढतो आणि थांबायच्या वेळी नीट थांबत नाही. ठोक्याठोक्यामध्ये सैल पडायला हवं ते हृदय पडत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की भिंत जाड होते.

आता इतिहास.

१९५८ साली लंडनच्या डोनाल्ड टीअर या शवचिकित्सकानं अचानक मेलेल्या काही तरुणांच्या हृदयांचं वर्णन छापलं. भिंत एका बाजूनं विचित्र जाड झालेली. आजाराची आधुनिक ओळख तिथून धरतात. पुढची मोठी पायरी कॅनडातली. क्वेबेक प्रांतातल्या एका फ्रेंच भाषक घराण्यात पिढ्यान् पिढ्या तरुण माणसं अशी जात होती. १९६१ साली पॅरे आणि सहकाऱ्यांनी त्या घराण्याची वंशावळ काढून छापली. कोण, कितव्या वर्षी, कसं गेलं, हे सगळं त्यात आलं. जनुक शोधण्याची साधनं तेव्हा नव्हती, पण कागद तयार राहिला. जवळजवळ तीस वर्षांनी हार्वर्डच्या क्रिस्टीन आणि जोनाथन सीडमन यांच्या गटानं त्याच घराण्यावर काम केलं. १९८९ मध्ये त्यांनी गुणसूत्र शोधलं आणि १९९० मध्ये नेमका दोष, तो मायोसिनच्याच जनुकात होता. १९९५ मध्ये वेसणीचं जनुक सापडलं, ११व्या गुणसूत्रावर.

मांजरांची गोष्ट याला समांतर चालली आहे. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८७१ साली हॅरिसन वीअर यांनी मांजरांचं मोठं प्रदर्शन भरवलं, आणि १८९५ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात कोझी नावाची मेन कून मांजरी जिंकली. तेव्हापासून शौकिनांनी वंशावळी ठेवल्या. रंग कोणता, डोळे कसे, आईबाप कोण, बक्षिसं किती. 'पेडिग्री' हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ क्रौंच पक्ष्याचा पाय, कारण वंशावळीच्या फाट्या तशा दिसतात. पण या सुंदर पायांच्या नकाशात मांजर मेलं कशानं याचा रकाना नव्हता. जोवर ते देखणं होतं तोवर विणीसाठी उपयोगी, आणि हा आजार दिसेपर्यंत त्याची पिल्लं चार घरी पोचलेली.

हा रकाना भरला तो कॅलिफोर्नियात. डेव्हिस इथल्या विद्यापीठात मार्क किटलसन आणि सहकाऱ्यांनी मेन कून मांजरांचा एक कुटुंबकबिला पाळून तपासला आणि आजार आईबापांकडून उतरतो हे १९९९ मध्ये दाखवलं. २००५ मध्ये कॅथरिन म्यूर्स यांच्या गटानं दोष शोधला. वेसणीच्या प्रथिनात ३१व्या जागी अॅलनिनऐवजी प्रोलिन. २००७ मध्ये रॅगडॉल जातीत त्याच जनुकात ८२०व्या जागी दुसरी चूक सापडली. रॅगडॉल ही जातच १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या अॅन बेकर यांनी जोसेफीन नावाच्या मांजरीपासून सुरू केलेली. मुळात पूर्वज मोजके, मग त्यांच्यातच पुन्हा पुन्हा वीण. एका पूर्वजाची चूक हजारो घरांत जायला काही दशकं पुरली. पुढच्या मोठ्या तपासणीत साधारण दर तीन मेन कूनमागे एकात ३१व्या जागेची चूक निघाली.

आणि आमची आजी म्हणायची, "मांजराची जात कोन पायते बापा, उंदरं धरते का नाई थे पाय." आता यावरून गावठी मांजर रोगमुक्त असं समजू नका. ब्रिटनमध्ये वरवर निरोगी दिसणाऱ्या मांजरांचे इको काढले तेव्हा सातामागे जवळपास एकाला हा आजार निघाला, आणि त्यातली बहुतेक साधी, वंशावळ नसलेली मांजरं होती. त्यांच्यातल्या बहुतेकांत कोणती चूक आहे ते अजून सापडलेलं नाही. हृदयात गुठळी होऊन ती मागच्या पायांच्या रक्तवाहिनीत अडकते, मग पाय लुळे आणि थंड पडतात. गावात असं मांजर दिसलं की कोणी दगड मारला असेल किंवा सापानं धरलं असेल असं म्हणत.

फरक एवढाच की साध्या मांजरीला कागद नव्हता. आम्हाला मात्र होता. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमची सात पिढ्यांची नावं आहेत. गोत्र, मूळ गाव, कोण कुणाचा. सोयरीक जुळवताना हेच विचारत. इरावती कर्वे यांनी जातीला विस्तारलेला नातलगांचा गट म्हटलं होतं, आणि आज जनुकशास्त्र जवळपास तेच आकड्यांत सांगतं. भारतात निरनिराळे समूह साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी एकमेकांत मिसळत होते, नंतर ते बहुतांशी थांबलं, असा २०१३ मधला निष्कर्ष आहे. आमच्या गावातल्या देवीच्या हेमाडपंती देवळाच्या शिलालेखात शके १०९८ आहे. म्हणजे ते देऊळ उभं राहिलं तेव्हा ही कुंपणं हजारेक वर्षांची जुनी होती. २०१७ मध्ये हैदराबादचे थंगराज आणि हार्वर्डचे डेव्हिड राइश यांच्या गटानं दक्षिण आशियातले २६० हून अधिक समूह तपासले. त्यातल्या ८१ समूहांत मोजक्या पूर्वजांचा ठसा फिन लोकांपेक्षा आणि अश्केनाझी ज्यूंपेक्षा गडद निघाला, आणि त्यातले १४ समूह दहा लाखांहून मोठे. मामेबहिणीशी लग्न केलं नाही म्हणजे आपण सुटलो असं नाही, हे यातून कळतं. (यावर घरात वाद होणार, माहीत आहे.)

विदर्भाला ही गोष्ट नवीन नसावी खरं तर. सिकल सेलवर नागपुरात १९५० च्या दशकापासून काम झालं आहे, आणि आज लग्नाआधी त्याची तपासणी करा असं गावोगावी सांगतात. हृदयाबद्दल असं कोणी सांगत नाही.

माणसांतल्या वेसणीकडे परत येतो. २००३ मध्ये भारतीय कुटुंबांत या जनुकातली एक वेगळी चूक सापडली: २५ अक्षरं गाळलेली. २००९ मध्ये मदुराईचे धंडपाणी, हैदराबादचे थंगराज आणि सहकाऱ्यांनी 'नेचर जेनेटिक्स'मध्ये मोठा अभ्यास छापला. देशभरातले १०७ समूह, ६,२७३ माणसं. सुमारे ४ टक्के भारतीयांत, म्हणजे पंचविसात एकात, ही गाळलेली अक्षरं, आणि हृदयस्नायूच्या आजाराचा धोका जवळपास सातपट. चूक सुमारे ३३,००० वर्षांपूर्वीची असावी असा अंदाज. आजार बहुधा मुलंबाळं झाल्यावर दिसतो, म्हणून निसर्गानं ती गाळली नाही. मांजरांच्या शौकिनांचं आणि निसर्गाचं इथे एकमत दिसतं.

तेव्हा वर्तमानपत्रांतून हा आकडा फिरला आणि बरेच लोक घाबरले. पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांवर काम करणाऱ्या गटानं सुचवलं की २५ अक्षरं गाळलेल्यांपैकी थोड्यांत जवळच आणखी एक चूक असते आणि त्रास तिच्यामुळे दिसतो. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या गटानं आणखी एक जोडीदार चूक दाखवली आणि म्हटलं की धोक्याचा मोठा वाटा तिचा आहे, नुसत्या २५ अक्षरांचा फारच कमी. एका बैलगाडीत बसलेल्या दोघांपैकी चोर कोण, हे ठरायला अकरा वर्षं गेली. मांजरांतही असंच झालं. ज्यांना आईबाप दोघांकडून चूक मिळते त्या मेन कूनना धोका खूप, एकाकडून मिळाली तर फारसा वाढलेला दिसत नाही. म्हणून जाणते पशुवैद्यक आता एकच प्रत असलेली सगळी मांजरं विणीतून काढू नका असं सांगतात. नाहीतर उरलेल्या मूठभरांत दुसरीच कुठली चूक माजेल.

माझ्या चुलत भावाच्या अहवालात ही २५ गाळलेली अक्षरं आहेत. जोडीदार चुका नाहीत. हाच अहवाल २००९ नंतर लगेच आला असता तर डॉक्टरांनी बहुधा तिथेच बोट ठेवलं असतं. आज ते म्हणतात, कारण हे नसावं, दुसरीकडे असेल, आणि त्यासाठी घरातले बाकीचे लोक तपासावे लागतील. इको अकोल्यात होतो. दुखत नाही, अर्ध्या तासाचं काम. आजार निघालाच तर औषधं आहेत, ज्यांना धोका जास्त त्यांच्यासाठी छातीत बसवायचं यंत्र आहे. २०२२ पासून अमेरिकेत मॅव्हाकॅम्टेन नावाचं औषध मान्य आहे, बैलाचा जोर थोडा कमी करणारं. ही मान्यता मिळण्याआधी, २०१६ मध्ये, त्याचा प्रयोग डेव्हिसमध्ये हाच आजार असलेल्या मांजरांवर झाला होता.

अडचण वेगळीच आहे. डॉक्टरांनी भावाला विचारलं, घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं का? तो म्हणाला, माहीत नाही. खोटं बोलला नाही तो. धाकटे काका ४१व्या वर्षी बैल जुंपता जुंपता बसले ते उठलेच नाहीत. तेव्हा तंबाखू हे कारण ठरलं. आजोबांचे भाऊ ३९व्या वर्षी गेले, तिथे करणी झाली असं आत्या सांगायच्या. एक मावसभाऊ विहिरीत पडला म्हणतात, पण तो पट्टीचा पोहणारा होता. पुन्हा पोरींच्या सोयरिकी अडतील म्हणून या गोष्टी कोणी एकत्र बोललं नाही. त्र्यंबकच्या वहीत तिघांचीही नावं आहेत. पुढे काहीच नाही.

गेल्या महिन्यात मी एका वहीत नवा तक्ता आखला. नाव, जन्म, मृत्यूचं वर्ष, त्या वेळी काय करत होते, आधी कधी चक्कर किंवा दम. बेचाळीस नावं झाली आहेत. त्यातल्या सतरा जणांचा शेवटचा रकाना रिकामा आहे. बाळापूरच्या आत्यांकडच्या शाखेबद्दल मला काहीच ठाऊक नाही, आणि कारंज्याच्या काकूंना सगळ्यात जास्त आठवतं पण त्या फोनवर बोलत नाहीत. दिवाळीत कोणी तिकडे जाणार असेल तर मला आधी कळवा, वही पाठवतो.