गिरणींतून अंतराळांत

सोलापूर हें गिरण्यांचें गांव. 1877 सालीं येथें सूत काढण्याची व कापड विणण्याची जी गिरणी सुरू झाली, तिला लोक पुढें ‘जुनी गिरणी’ म्हणूं लागले. भोंग्यावर घड्याळ लावणारीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. अशा गांवच्या वाचकास व्हालेंतिना तेरेश्कोवा या बाईंचें चरित्र परकें वाटूं नये. अंतराळांत गेलेली ही जगांतील पहिली स्त्री कापडगिरणींतील कामगार होती.

बाईंचा जन्म 6 मार्च 1937 रोजीं यारोस्लाव्हल प्रांतांतील एका खेड्यांत झाला. वडील ट्रॅक्टर चालवीत. ते फिनलंडच्या युद्धांत पडले. आई गिरणींत जाई. मुलीनेंहि प्रथम टायरच्या कारखान्यांत व नंतर गिरणींत काम धरलें, आणि काम संभाळून टपालानें शिक्षण पुरें केलें. 1959 सालीं तिनें विमानांतून छत्रीच्या आधारें पहिली उडी घेतली. सोव्हिएट सरकारला मिरविण्यासाठीं कामगाराची मुलगी हवी होती, म्हणून हिची निवड झाली, असें म्हणतात. तें खोटें नाहीं; पण अपुरें आहे. त्या काळच्या ‘व्होस्तोक’ यानांतील प्रवाशास परततांना कित्येक हजार फुटांवरून यानाबाहेर पडून छत्रीनेंच जमिनीवर उतरावें लागे. गिरणीच्या सुटींत शिकलेली ही विद्याच तेथें कामाची होती.

16 जून 1963 रोजीं बाईंचें उड्डाण झालें. सुमारें एकाहत्तर तासांत त्यांनीं पृथ्वीला 48 प्रदक्षिणा घातल्या. अमेरिकेच्या सर्व अंतराळवीरांचे तोंवरचे तास एकत्र केले तरी ते इतके भरत नव्हते.

यानंतरची हकीकत आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. बाई आजारी पडल्या, त्यांना यान नीट वळवितां आलें नाहीं, अशी कुजबुज पुष्कळ वर्षें चालली. उड्डाणाशीं संबंध असलेल्या अधिकाऱ्यांच्या लेखनांतहि तशी नाराजी उमटली आहे. बाई गप्प राहिल्या. पुढें त्यांनीं सांगितलें तें असें: यानाच्या दिशेची योजनाच चुकली होती, त्याप्रमाणें यंत्र चाललें असतें तर यान खालीं येण्याऐवजीं अधिक वर गेलें असतें. त्यांनीं हें कळविलें, जमिनीवरून नवे आंकडे मिळाले, आणि मुख्य रचनाकार कोरोलेव्ह यांनीं याची वाच्यता न करण्याची विनंती केली. तो शब्द त्यांनीं तीस वर्षें पाळला. यंत्र बिघडलें कीं प्रथम तें चालविणाऱ्याची चूक धरावयाची, ही रीत गिरणगांवच्या माणसास नवी नाहीं! पहिल्या दिवशीं हातानें यान वळविण्यांत त्यांना अपयश आलें हेंहि खरें. परंतु एवढ्यावरून साऱ्या उड्डाणाचा निकाल लावणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाहीं.

बाईंचें पुढचें राजकारण, विशेषतः 2020 सालीं रशियाच्या अध्यक्षांची मुदत वाढविण्यास वाट करून देणारी त्यांची सूचना, आम्हांस रुचत नाहीं. तिनें ते एकाहत्तर तास मात्र पुसले जात नाहींत. एकटीनें अंतराळांत जाऊन आलेली दुसरी स्त्री अजून झालेली नाहीं.

आणि वाट तरी कोठें रुंद झाली? दुसरी स्त्री, स्वेतलाना साव्हित्स्काया, वर गेली ती 1982 सालीं, म्हणजे एकोणीस वर्षांनीं. 1962 सालीं तेरेश्कोवाबाईंबरोबर आणखी चौघी निवडल्या होत्या. त्यांत सोलोव्ह्योवा ही छत्रीच्या उड्यांत नांवाजलेली, तर पोनोमार्योवा शिकलेली अभियंता व वैमानिक. 1969 सालीं ती तुकडीच मोडण्यांत आली. चौघींपैकीं एकीसहि उड्डाण मिळालें नाहीं, आणि त्यांचीं नांवेंसुद्धां सरकारनें वीस वर्षांहून अधिक काळ लोकांस कळूं दिलीं नाहींत.