बिब्बा उतणे : चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशातील एका व्याधीचा शब्देतिहास

१

व्याधींचा इतिहास सामान्यतः वैद्यकग्रंथांच्या आधारे लिहिला जातो. परंतु जी व्याधी एकास होते आणि त्याच्याच शेजारी काम करणाऱ्यास होत नाही, शिवाय जी कारण घडून गेल्यावर एकदोन दिवसांनी प्रकट होते, तिच्या बाबतीत ग्रंथांइतकीच भाषाही महत्त्वाची साक्षीदार ठरते. कारण आणि परिणाम यांचा संबंध लोकांनी केव्हातरी जुळविलेला असतो, आणि तो जुळविल्याची खूण शब्दात राहते. प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशात सर्वांस परिचित असलेल्या बिब्ब्याच्या आधारे या शब्दपुराव्याचा विचार करावयाचा आहे. गडचिरोली हा जिल्हा १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झाला; तत्पूर्वीच्या काळासंबंधी दोहोंचा विचार एकत्रच करावा लागतो.

‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली बनविला. ‘अन्य’ आणि ‘क्रिया’ अशा अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांचा तो जोड होय. पहिल्या संपर्काने शरीराची वृत्ती पालटते व पुढील संपर्काच्या वेळी ते निराळ्या रीतीने वागते, ही कल्पना त्यात आहे. मराठीत यासाठी ‘अधिहर्षता’ अशी संज्ञा योजण्यात आली. परंतु ती ग्रंथांबाहेर फारशी गेली नाही. याचे एक कारण असे की, व्यवहारात मराठी माणसाजवळ शब्द आधीच होते. अमुक पदार्थाचे मला ‘वावडे’ आहे, अंगावर ‘पित्त उठले’, ‘गांधी आल्या’, आणि वनप्रदेशात विशेषेकरून ‘बिब्बा उतला’, असे आपण सहज म्हणतो. हे शब्द एकमेकांचे पर्याय मात्र नव्हेत, आणि त्यांतील भेदातच प्रस्तुत विषयाचे मर्म आहे.

२

‘उतणे’ या क्रियापदाचा नित्याचा उपयोग दूध उतू जाण्याच्या संदर्भात होतो. त्वचेवर पुरळ येऊन ती फुगते, फोड येतात व त्यांतून पाणी वाहते, या अवस्थेस तेच क्रियापद लागले आहे. वाक्यरचना पाहिली असता असे दिसते की, ‘मला बिब्बा उतला’ यात बिब्बा हा कर्ता आहे आणि भोगणारा चतुर्थीत आहे. कारणाचे नाव घेतल्यावाचून हे वाक्य पुरे होत नाही. याउलट ‘अंगावर पित्त उठले’ या वाक्यात कर्तेपण शरीरातीलच एका दोषाकडे दिले आहे. अन्न, औषध किंवा कीटकदंश असे जे बाह्य कारण असेल, त्यास या वाक्यात जागाच नाही. एक वाक्य कारण सांगते, तर दुसरे ते झाकून ठेवते.

हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. ज्याला बिब्बा उतला आहे तो पुढे त्या झाडापासून दूर राहतो. ज्याला वरचेवर पित्त उठते तो आमसुलाचे पाणी अंगास लावतो आणि स्वस्थ बसतो. त्याच्या पित्तामागे एखादे औषध अथवा मधमाशीचे विष असेल, तर पुढच्या खेपेस घसा सुजून श्वास कोंडण्याचा व रक्तदाब एकाएकी उतरण्याचा संभव असतो. अशा वेळी ॲड्रिनलीनचे इंजेक्शन तातडीने मिळणे आवश्यक असते, आणि रुग्णालयापासून दूर असलेल्या अरण्यातील गावी हाच उशीर जिवावर बेततो.

३

बिब्ब्याविषयीचे हे ज्ञान पुरातन आहे. संस्कृतात त्यास ‘भल्लातक’ म्हणतात. हिंदीतील व पूर्व विदर्भातील ‘भिलावा’ हा त्याचाच वंशज होय. अमरकोशात त्याची ‘अरुष्कर’ व ‘अग्निमुखी’ ही नावे येतात. ‘अरुष्’ म्हणजे व्रण. तेव्हा ‘अरुष्कर’ म्हणजे व्रण करणारा. भावप्रकाशात याखेरीज ‘शोफकृत्’, म्हणजे सूज आणणारा, असेही नाव दिलेले आहे. एखाद्या वृक्षास त्याच्या फुलावरून किंवा पानावरून नाव न देता त्याने मनुष्याच्या त्वचेवर केलेल्या परिणामावरून नाव देणे, हे कारणनिश्चिती झाल्याचेच लक्षण मानले पाहिजे. आणि हाच भल्लातक चरकसंहितेत रसायन म्हणूनही सांगितला आहे. मात्र तो अग्नीसारखा तीक्ष्ण असल्याने विधिपूर्वकच घ्यावा, असे ग्रंथकाराने बजावले आहे.

गडचिरोली जिल्ह्यात मराठी व तिची झाडीबोली, गोंडी-माडिया, ईशान्येस छत्तीसगढी आणि दक्षिणेस सिरोंचाकडे तेलुगू अशा भाषा एकमेकींच्या सहवासात नांदतात. यांपैकी तेलुगूची साक्ष विशेष उद्बोधक आहे. तीत बिब्ब्यास ‘नल्लजीडी’, म्हणजे काळी जीडी, म्हणतात आणि काजूस ‘जीडिमामिडी’. ‘मामिडी’ म्हणजे आंबा. काजू हा मूळचा ब्राझीलचा; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो भारतात आला. या परक्या झाडाचे नाव तेलुगू भाषकांनी बिब्बा आणि आंबा या दोन परिचित झाडांच्या नावांवरून घडविले. आधुनिक वनस्पतिशास्त्र या तिन्ही झाडांस एकाच कुलात घालते. चारोळीही त्याच कुलातील होय. बिब्ब्याच्या टरफलातील तेल, काजूच्या टरफलातील तेल, आंब्याचा चीक आणि जपानी लाखेचा रस यांतील दाहक द्रव्ये परस्परांची सगोत्र आहेत, आणि एकाने संवेदनशील झालेली त्वचा दुसऱ्यासही प्रतिसाद देऊ शकते. म्हणून बिब्बा उतणाऱ्या मनुष्याच्या ओठांभोवती आंब्याच्या दिवसांत पुरळ दिसले, तर त्यास निराळी व्याधी समजण्याचे कारण नाही.

बिब्बा टाकून देण्याजोगाही नाही. त्याचा गर, म्हणजे गोडंबी, पौष्टिक म्हणून खाल्ला जातो. फळाखालचा मांसल देठ ‘बिब्ब्याची फुले’ म्हणून वाळवून विकला जातो. भेगाळलेल्या टाचांना त्याचे तेल लावण्याची चाल सर्वत्र आहे. परंतु गोडंबी काढण्यासाठी जी बिबे फोडते तिचे हात तेलाने काळे पडतात, आणि जिला ते उतते तिला पोटासाठी तेच काम करावे लागते. ‘चालल्या कामात बिब्बा घालणे’ हा वाक्प्रचार सर्व महाराष्ट्रात रूढ आहे.

४

आता कारण ओळखण्यात चूक झाल्याची उदाहरणे पाहू. एकोणिसाव्या शतकापासून भारतातील न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत बिब्ब्याची नोंद आढळते, ती खोट्या जखमांच्या संदर्भात. मारहाणीचा आरोप रचण्यासाठी त्याचा रस त्वचेवर लावून काळेनिळे डाग उठविले जात. त्यांत खाज सुटते, बारीक फोड येतात, आणि खाजविणाऱ्या बोटांवरही तसेच फोड दिसतात; यावरून खरा मार व बिब्बा यांतील भेद ओळखावा, असे हे ग्रंथ सांगतात. ही कसोटी दोन्ही बाजूंनी उपयोगी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. बिब्बा उतलेल्या निरपराध मजुराचे डाग मारहाणीचे ठरू नयेत, आणि खऱ्या माराचे डाग बिब्ब्याचे म्हणून फेटाळले जाऊ नयेत, या दोहोंसाठी ती आवश्यक होती.

दुसरे उदाहरण परीटाचे. जांघेत होणाऱ्या खाजेस इंग्रज अंमलदार ‘धोबी इच’ म्हणत व दोष कपडे धुणाऱ्यास देत. वस्तुतः ती बुरशीपासून होणारी गजकर्णाची जात होय. पुढे दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर चमत्कारिक फोड येऊ लागले. कपड्यांवर खूण करण्यासाठी परीट जी शाई वापरी ती बिब्ब्याची होती, आणि फोड नेमके त्या खुणेखाली येत. ही कारणमीमांसा १९४३ साली अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पहिल्या वेळी परीटावरील आरोप निराधार होता, तर दुसऱ्या वेळी दोष त्याच्या शाईकडे खरोखरच जात होता. नुसत्या नावावर विसंबून दोन्ही व्याधी एकच मानणारा वैद्य दोन्हींच्या उपचारात चुकला असता.

तिसरे उदाहरण गाजरगवताचे. पुण्याजवळ या वनस्पतीची नोंद १९५६ साली झाली आणि थोड्याच वर्षांत ती देशभर पसरली. लोकांनी तिला नाव दिले ते गाजरासारख्या पानांवरून. त्या नावात तिच्या उपद्रवाचा मागमूस नव्हता, कारण तो अनुभवच अद्याप भाषेजवळ नव्हता. चेहरा, मान व हात यांवर चिवट इसब घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांच्या व्याधीचे कारण त्वचेवर पट्टी लावून करावयाच्या चाचणीने १९७० नंतरच्या दशकात निश्चित झाले. ही चाचणी योझेफ याडासोन यांनी १८९५ साली प्रथम मांडली होती. बिब्ब्याच्या बाबतीत जे काम पिढ्यांच्या अनुभवाने केले, तेच गाजरगवताच्या बाबतीत चाचणीस करावे लागले.

५

यावरून लोकभाषा नेहमीच बिनचूक असते असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. बिब्ब्याच्या नुसत्या सावलीनेही अंग सुजते, अशी समजूत आढळते. तीत भाजणाऱ्या बिब्ब्याच्या वाफेचा खरा अनुभव आणि भीती यांची सरमिसळ झाली असावी. शिवाय नवी कारणे सतत येत असतात. भातशेतीच्या या प्रदेशात सर्पदंशावर दिली जाणारी लस घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते, आणि पिर्के यांस आपला शब्द सुचला तोही घोड्याच्या रक्तद्रवाने मुलांस होणाऱ्या विकाराचा अभ्यास करतानाच. ही लस प्राण वाचविते यात शंका नाही. परंतु तिच्यानंतर अंगावर उठणाऱ्या गांधी व येणारा ताप यांस ‘विष उतरले नाही’ असे म्हटले गेले, तर खरे कारण झाकले जाते.

म्हणून या जिल्ह्यांत शब्दसंग्रहासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. व्याधीचे नाव मिळाले की वही मिटू नये. त्या नावाबरोबर कोणते क्रियापद येते, कर्ता कोण, चतुर्थीत कोण, आणि हे कोणास होते व कोणास होत नाही, हेही लिहून घ्यावे. वैद्य रुग्णास विचारतो तेच हे प्रश्न आहेत. आणि जेथे चाचणीची सोय दूर आहे, तेथे रुग्णाच्या स्वतःच्या वाक्याइतका दुसरा जवळचा पुरावा नाही.