ध्वज कोणाच्या हाती?

माणसाचा देश पूर्वजांच्या भूमीवरून ठरतो की कर्मभूमीवरून, असा वाद निघाला म्हणजे आम्हांला सेराफिनो आंताव यांचे स्मरण होते. गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबातील हा धावपटू १९३७ साली केनियातील मोंबासा येथे जन्मला. १९६२ साली पर्थ येथील राष्ट्रकुल स्पर्धांत १०० व २२० यार्डांच्या शर्यती जिंकून त्यांनी केनियाला त्या स्पर्धांतील पहिली सुवर्णपदके मिळवून दिली. तेव्हा केनिया ब्रिटिशांची वसाहत होता. १२ डिसेंबर १९६३ रोजी तो स्वतंत्र झाला, आणि १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्या नवराष्ट्राचा ध्वज आंताव यांच्याच हाती होता.

पुढे तेथे नोकरी-व्यापारात आफ्रिकीकरणाचे धोरण आले आणि असंख्य गोमंतकीयांनी देश सोडला. आंतावही इंग्लंडमध्ये स्थायिक झाले. २०११ साली लंडन येथे ते निवर्तले.

ध्वजवाहकाचा गौरव झाला. त्याच्या समाजाला मात्र परकेपणाच भोवला. आपल्या धर्मग्रामांतही परप्रांतांतून आलेली कुटुंबे मिस्साला आपल्या शेजारी बसतात. त्यांना आपले म्हणण्यासाठी त्यांनी एखादी शर्यत जिंकण्याची वाट आपण पाहावी काय?